कोलिकच्या दोन महिन्यांत घेतलेल्या वस्तू: काय कामाला आलं, काय नाही

आमची मुलगी आता साडेचार महिन्यांची झालीय, दिवेलागणीला देवापुढच्या समईकडे बघून हसते, म्हणून आज बसून हे लिहायला जमतंय. तिसऱ्या आठवड्यापासून अकराव्या आठवड्यापर्यंत तिला कोलिक होतं, म्हणजे धडधाकट बाळाचं कारण न सापडणारं, काही केल्या न थांबणारं लांब रडणं. त्या काळात रात्री अकरा वाजता एका हातावर बाळ आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून मी जे जे ऑर्डर केलं आणि जिथे जिथे पैसे दिले त्याचा हा रिव्ह्यू आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाहीये, कारण एका कंपनीचे ड्रॉप्स वाईट आणि दुसरीचे चांगले असा हा विषयच नाही.

आधी रडणं कसं होतं ते सांगतो, म्हणजे तुमच्या घरी तेच चाललंय का ते कळेल. संध्याकाळचे साडेसहा वाजले की सुरू. पहिली दहा मिनिटं नुसती किरकिर, मग चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी, पोट हाताला टणक लागायचं, मधेच पाठ मागे ताणून धनुष्यासारखी करायची. अंगावर घेतलं तर दोन घोट प्यायची आणि सोडून परत टाहो. लंगोट कोरडा, अंग गार, कुठे मुंगी चावलेली नाही, काही नाही. आणि साडेनऊ दहाला कुणीतरी बटण बंद केल्यासारखी गप्प, वायू सरायचा आणि झोपून जायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बघाल तर एकदम खुशाल पोरगी, हातपाय हलवतेय, पंख्याकडे बघतेय.

शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट लागली, मीठमोहरी उतरवा. आईने बेंबीभोवती हिंग कालवून लावला. हे दोन्ही आम्ही केलं, त्याने कुणाचं नुकसान झालं नाही. पण सासूबाई काळजीपोटी एकदा बोलून गेल्या की "दूध पुरत नसेल गं तिला", आणि ते वाक्य बायकोच्या मनात इतकं खोल गेलं की नंतर पंधरा दिवस ती प्रत्येक वेळी बाळ रडलं की आधी स्वतःकडे बघायची. सिझरचे टाके अजून दुखत होते, पाणी प्यायलाही उठताना भिंतीला धरायची, आणि वरून हे. नव्या बाळाच्या घरी जाणार असाल तर एवढं एक वाक्य बोलू नका, फार विनंती आहे.

आता ड्रॉप्स. पहिल्या ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांच्याकडे रांग मोठी होती, त्यांनी बाळाचं दुपटंही न सोडवता कोलिक म्हणून चिठ्ठी लिहून दिली. त्यात सिमेथिकोन, बाळंतशोपेचं तेल आणि बडीशेपेचं तेल असलेले ड्रॉप्स होते, १५ मिलीची बाटली, शंभर रुपयांच्या आतबाहेर. सिमेथिकोन काय करतं तर पोटातल्या गॅसच्या बारीक बारीक बुडबुड्यांचा ताण मोडतं, ते एकत्र येऊन मोठे होतात आणि बाहेर पडायला सोपे जातात. ते रक्तात शोषलं जात नाही, त्यामुळे तसं निर्धोक आहे. पण कोलिकच्या बाळांवर याच्या चाचण्या झाल्यात आणि नुसतं औषधासारखं दिसणारं पाणी दिलेल्या बाळांपेक्षा काही वेगळा फरक दिसला नाही. आमच्याकडेही तेच. पहिल्या संध्याकाळी ती लवकर गप्प झाली, आम्ही हात जोडले, दुसऱ्या संध्याकाळी सव्वातीन तास रडली. नंतर मला समजलं की रडताना बाळ हवा गिळतं, म्हणून पोट फुगतं आणि वायू सरतो. म्हणजे गॅसमुळे रडतेय असं आपल्याला वाटतं पण बरेचदा रडल्यामुळे गॅस झालेला असतो. तर ड्रॉप्सना माझ्याकडून ५ पैकी २, ते पण एवढ्यासाठी की देताना काहीतरी केल्यासारखं वाटतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे आणि ती नीट वाचा. पहिली बाटली माझ्या हातून फुटली म्हणून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो, चिठ्ठी घरी राहिली होती, तर काउंटरवरच्या मुलाने दुसरीच बाटली दिली, "हे पण पोटाचंच आहे दादा, लवकर गुण येतो" म्हणाला. घरी येऊन ट्यूबलाईटखाली लेबल वाचलं तर सिमेथिकोनबरोबर डायसायक्लोमिन लिहिलेलं. नाव ओळखीचं वाटेना म्हणून दिलं नाही, आणि देवाची कृपा की दिलं नाही. डायसायक्लोमिन हे आतड्याची आखडण कमी करणारं औषध आहे, मोठ्या माणसाच्या पोटदुखीला देतात, पण सहा महिन्यांखालच्या बाळाला ते द्यायचं नसतं, कारण तान्ह्या बाळांमध्ये श्वास अडकणं, आकडी येणं असले प्रकार झालेले आहेत. बाटलीवर हसऱ्या बाळाचं चित्र होतं हो. दुसऱ्या दिवशी जाऊन परत केली आणि त्या मुलाला शांतपणे समजावून सांगितलं. तुम्ही कुठलेही पोटाचे ड्रॉप्स घ्या, चिठ्ठीवरच्या नावाशी बाटलीवरची घटकांची ओळ जुळवून बघा, अक्षर कितीही बारीक असलं तरी.

ग्राईप वॉटर माझ्या आईने आणलं होतं, मला स्वतःला ते पाजलंय म्हणून तिचा फार विश्वास. विल्यम वुडवर्ड नावाच्या माणसाने १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये ते पहिल्यांदा बनवलं, त्यात पूर्वी अल्कोहोलही असायचं. मुख्य वास कशाचा तर डिलच्या तेलाचा, म्हणजे जवळजवळ आपली बाळंतशोपाच. जी बायको रोज जेवणानंतर ओव्याबरोबर चावत होती तीच. हे कळल्यावर आईला मी म्हटलं की शोपा आईच्या तोंडातच राहू दे, बाळाच्या नको. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि छोट्या पोटात चमचाभर गोड पाणी गेलं की तेवढी दुधाची जागा जाते. बाटली न फोडता तशीच ठेवलीय.

गुटीचंही तसंच, पण त्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण आपल्याकडे घराघरात हा वाद होतो. सासूबाईंनी सहाण, हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, सुंठ, हिरडा, बदाम, खारीक असं सगळं डब्यात घालून आणलेलं. मुरडशेंगेला नावच त्यावरून पडलंय, पिळवटलेली शेंग, पोटातल्या मुरड्यासाठी. इतक्या मायेने आणलेल्या वस्तूला नाही म्हणणं मला फार जड गेलं. पण सहाणेवर किती वेढे उगाळले त्यावर मात्रा ठरते, जायफळाचा वेढा जास्त पडला तर बाळ नुसतं गुंगतं आणि आपल्याला वाटतं गुण आला. सहाण, पाणी, बोट, सगळ्यातून जंतू जायची भीती. आणि गुटीत मध चाटवतात ते तर वर्षाच्या आत कधीच नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाचा आजार होऊ शकतो. सासूबाईंना दुसऱ्या डॉक्टरांनी स्वतः समजावलं तेव्हा पटलं, माझं ऐकलं नसतं. डबा अजून फडताळात आहे.

आता त्या दुसऱ्या डॉक्टरांबद्दल, कारण या सगळ्या दोन महिन्यांत सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे ते ६०० रुपये. बाळ ३६ दिवसांचं होतं. त्यांनी आधी सगळे कपडे काढायला सांगितले, टोपरं, मोजे, लंगोट, करदोडासुद्धा. वजन केलं, ३ किलो ७०० ग्रॅम, जन्माचं २ किलो ९००. टाळूवर हात फिरवला, कान बघितले, तोंडात बॅटरी मारून पांढरा थर आहे का बघितलं, पोट चारी बाजूंनी दाबलं, जांघेत हर्नियाची गाठ आहे का बघितली. आणि मग हाताची दहा आणि पायाची दहा बोटं एकेक करून फाकवून बघितली. मी विचारलं हे कशासाठी, तर म्हणाले बाळंतपणानंतर आईचे केस फार गळतात, एखादा केस मोज्याच्या आत बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि करकचून बसतो, बोट सुजतं, बाळ जीव तोडून रडतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत आंघोळ झाली की मी तिची वीस बोटं बघतो.

दिवसातून किती वेळा शू होते विचारलं, आम्ही सात आठ म्हटलं, तर ते बायकोला म्हणाले, "ताई, दूध भरपूर आहे. वजन खोटं बोलत नाही." ती तिथेच रडायला लागली. पंधरा दिवसांचं ओझं एका वाक्यात उतरलं.

मग त्यांनी सांगितलं एक वही घाला. शाळेची शंभर पानी वही, चार रकाने: रडणं कधी सुरू, कधी बंद, त्याआधी दूध कधी, काय केल्यावर शांत झाली. पाच दिवस लिहिलं. आम्हाला वाटत होतं पोरगी दिवसभर रडते, वहीत बेरीज केली तर रोज तीन तासांच्या आसपास, त्यातले अडीच तास साडेसहा ते साडेनऊमध्ये. अगदी घड्याळ लावल्यासारखं. मॉरिस वेसल म्हणून अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ होते, त्यांनी १९५४ मध्ये तीनचा नियम मांडला होता: दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त, तीन आठवड्यांपेक्षा जास्त. आता २०१६ पासूनच्या नव्या निकषांत डॉक्टर तेवढे आठवडे मोजत बसत नाहीत. पाच महिन्यांच्या आतलं बाळ, कारण नसताना लांब रडणं, काही केल्या न थांबणं, आणि वजन नीट वाढतंय, ताप नाही, आजार नाही, एवढ्यावर ओळखतात. साधारण सहाव्या आठवड्यात रडण्याचा कळस असतो आणि तीन चार महिन्यांत आपोआप ओसरतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर दिवस भरायच्या तारखेपासून मोजायचं. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा पुढची तारीख दिसली, त्याआधी नुसती संध्याकाळच दिसत होती. कागदाच्या वहीला ५ पैकी ५, किंमत ४० रुपये.

कधी कोलिक समजून घरी बसायचं नाही ते पण त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं होतं आणि ते पान आम्ही फ्रिजवर लावलं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप. हिरवी उलटी, किंवा जोरात फवाऱ्यासारख्या उलट्या. शी मधून रक्त. दूध ओढायचं बंद, बाळ मलूल, उठवूनही उठत नाही. टाळू फुगलेली. जांघेत गाठ. शू कमी. किंवा रडण्याचा आवाजच वेगळा, किंचाळल्यासारखा, नेहमीचा नाही. यातलं एकही असलं तर रात्र असली तरी दवाखाना.

अँटीकोलिक बाटली. ही मी ७९९ ला घेतली, पेजवर लिहिलं होतं कोलिक गायब. रात्री नऊचं एक दूध मी पाजायचं म्हणजे बायकोला सलग चार तास झोप मिळेल असा हिशोब होता, त्यासाठी ती दूध काढून ठेवायची. बाटलीत एक झडप आणि एक नळी असते, हवा मागच्या बाजूने जाते आणि बुचातून फक्त दूध येतं, कल्पना चांगली आहे. पण सुटे भाग पाच, प्रत्येक ब्रशने धुवा, उकळा, वाळवा, आणि झडप जरा तिरकी बसली की बुडातून दूध गळायचं. एकदा साठ मिली काढलेलं दूध माझ्या मांडीवर सांडलं, जिने पाऊण तास बसून ते काढलं होतं तिला मी काय सांगू. डॉक्टर म्हणाले बाटली कशाला, वाटी चमच्याने पाजा, बुचाची सवय लागून बाळ अंगावर नीट ओढेनासं व्हायची पण भीती असते. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे ती काही उगाच नाही. मग सासूबाईंनी पेटीतून चांदीचं बोंडलं काढलं, बायको लहानपणी त्यानेच प्यायलेली, ते दहा मिनिटं उकळायचं आणि बाळाला जवळजवळ बसतं धरून ओठाला टेकवायचं, ती जिभेने चटचट ओढते. घाई करायची नाही, ओतायचं नाही. गुटीवरून झालेला सगळा अबोला त्या बोंडल्याने संपला. बाटलीला १.

व्हाईट नॉइजचं, म्हणजे सतत एकसुरी घरघर करणारं मशीन १,२०० ला घेतलं, घेऊ नका. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन तेच काम करतो. मोबाईलवर लावायचं असेल तर आवाज बारीक आणि बाळापासून लांब.

प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला चांगल्या जंतूंच्या ड्रॉप्सबद्दल खूप जण विचारतात. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी, त्यातही डीएसएम १७९३८ हा वाण, यावर अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये रडणं थोडं कमी झाल्याचे अभ्यास आहेत, वरचं दूध पिणाऱ्या बाळांसाठी तेवढं खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे दुकानदार "प्रोबायोटिकच आहे" म्हणून कुठलंही देईल ते चालत नाही, नंबर बघायचा. आम्ही डॉक्टरांना विचारून सहाव्या आठवड्यात सुरू केलं. आठव्या आठवड्यात वहीतले आकडे दोन तासांवर आले. पण तसंही सहाव्यानंतर उतरायचंच असतं, त्यामुळे ड्रॉप्सने झालं की दिवसांनी हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. साध्या ड्रॉप्सच्या मानाने बरेच महाग आहेत, परवडत असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर ३.

राहिली स्लिंग, म्हणजे बाळाला छातीशी बांधून घ्यायचं कापड, आणि या यादीतली ही एकच वस्तू मी परत घेईन. कडीवाली सुती स्लिंग, १,६५० रुपये. पहिले चार पाच दिवस बांधायला जमत नव्हती, बाळाऐवजी दोन किलो गव्हाची पिशवी घालून सराव केला. नियम सोपे आहेत पण पाळायचेच: चेहरा सतत दिसला पाहिजे, कापड नाकातोंडावर नको, हनुवटी छातीला टेकता कामा नये, मान वाकवली की पापा घेता येईल इतकं डोकं वर, पाठीला आधार, गुडघे कुल्ह्यांच्या वर बेडकासारखे. तिला उभं छातीशी बांधायचं आणि हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल. आमची गॅलरी अकरा फरशांची आहे. रडणं थांबत नव्हतं, पण टाहोचं हुंदक्यांवर यायचं, तिचं गरम डोकं माझ्या गळ्याखाली घामाने चिकटलेलं असायचं आणि कधीतरी आठच्या सुमाराला एक लांब श्वास सोडून अंग सैल पडायचं, तो एक क्षण संपूर्ण शरीराला कळायचा. हात मोकळे राहतात त्यामुळे बायकोचं ताट वाढता यायचं. एक सांगतो, गॅसपाशी किंवा गरम चहा घेऊन स्लिंगमध्ये बाळ नको. आणि झोपली की काढून सपाट गादीवर पाठीवर झोपवायचं.

ताटावरून आठवलं. कोलिक म्हटल्यावर बायकोचं जेवण सगळ्यांनी मिळून बंद केलं होतं, डाळ नको, कोबी नको, हरभरा नको, पालेभाजी नको, नुसता मऊ भात आणि तूप. डॉक्टरांनी सगळं सुरू करायला लावलं. बाळाच्या शी मधून रक्त किंवा शेंबूड पडत असेल, अंगावर खूप पुरळ असेल तर गाईच्या दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते, तेव्हा डॉक्टर आईचं दूध दही काही दिवस बंद करून बघतात, पण ते त्यांनी ठरवायचं. उपाशी बाळंतिणीला कोलिक झेपत नाही.

शेवटचं, हे विकत मिळत नाही म्हणून रिव्ह्यूत बसत नाही पण लिहितोच. सातव्या आठवड्यात एका रात्री अडीच तास झाल्यावर माझ्या हातांना कंप सुटला आणि मला स्वतःची भीती वाटली. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं की अशा वेळी बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढून घ्या, पाच दहा मिनिटं बाहेर उभे राहा, रडल्याने बाळाला काही होत नाही, पण वैतागून हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मी जिन्यात जाऊन बसलो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काही न विचारता पाणी आणून दिलं. दहा मिनिटांनी वर गेलो तेव्हा ती अजून रडतच होती, पण माझे हात स्थिर होते. त्यानंतर आम्ही पाळ्या लावल्या, अर्धा तास मी, अर्धा तास आई, आणि त्या अर्ध्या तासात दुसऱ्याने कान झाकून पलीकडच्या खोलीत पडायचं, मदतीला यायचं नाही.

वहीतली शेवटची नोंद अकराव्या आठवड्यातली आहे, ७:१५ ते ७:४०, उपाय काही नाही.

स्लिंग घेणाऱ्यांसाठी: कडी ॲल्युमिनियमची आणि बिनजोडाची बघा, जोड असेल तिथे कापड फाटतं. आमचा साईज मीडियम, माझी उंची पाच फूट आठ. पहिल्या दोन धुण्यात रंग थोडा जातो, वेगळी धुवा. उन्हाळ्यात जाड कापड नको, बाळाला आत फक्त एक पातळ झबलं पुरतं.